साठ वर्षांपूर्वीची टेप ‘नवी’ होते म्हणजे नक्की काय होतं?

मार्च २०२५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातून एक बातमी आली. तिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेलं टेपचं एक रीळ अखेर यंत्रावर चढलं आणि त्यातून बीटल्स या इंग्लिश गटाची १ जानेवारी १९६२ ची ऑडिशन ऐकू आली. डेक्का कंपनीच्या लंडनमधल्या स्टुडिओत त्या दिवशी चौघांनी १५ गाणी वाजवली होती आणि कंपनीने त्यांना नाकारलं होतं. गाणी जाणकारांना नवीन नव्हती. त्यांच्या चोरट्या प्रती सत्तरच्या दशकापासून फिरत होत्या, आणि पाच गाणी १९९५ मध्ये ‘अँथॉलॉजी १’ या संग्रहात अधिकृतपणे आली होती. तरीही खळबळ उडाली, कारण या रिळावरचा आवाज आजवर फिरत असलेल्या प्रतींपेक्षा कितीतरी स्वच्छ होता. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँथॉलॉजीचे जुने तीन भाग नव्याने रीमास्टर होऊन आले आणि त्यांना चौथ्याची जोड मिळाली.

तेव्हापासून तेच तेच प्रश्न कानावर येतात. साठ वर्षांपूर्वी मुद्रित झालेलं गाणं आज ‘जास्त चांगलं’ कसं होईल? यात एआय किती आणि खरा आवाज किती? की तेच गाणं पुन्हा विकायची ही युक्ती आहे?

उत्तराची दिशा आधीच सांगतो. रीमास्टरिंगचा बराचसा निकाल कॉम्प्युटर सुरू करण्यापूर्वीच लागलेला असतो. कोणती टेप हाती आली आणि ती कशी वाजवली, यावर तो ठरतो. पुढची सगळी सॉफ्टवेअर त्या दोन गोष्टींच्या जोरावर काम करतात.

रीमास्टर, रीमिक्स, डीमिक्स

स्टुडिओत माइकमधून येणारा आवाज टेपच्या लांबीवर एका किंवा अनेक समांतर पट्ट्यांमध्ये नोंदला जातो. या पट्टीला ट्रॅक म्हणतात. सगळे ट्रॅक ठरावीक प्रमाणात एकत्र केले की तयार होतो तो मिक्स, आणि तो मिक्स ज्या टेपवर असतो ती मास्टर टेप.

थालीपिठाची भाजणी डोळ्यांसमोर आणा. ज्वारी, बाजरी, डाळी, धणे वेगवेगळ्या डब्यांत आहेत तोवर प्रमाण हवं तसं बदलता येतं. हे रीमिक्स. दळून पीठ झालं की प्रमाण पक्कं झालं. आता ते फक्त चाळता येतं. हे रीमास्टर. आणि तयार पिठातून बाजरी पुन्हा वेगळी काढायची म्हटलं तर ते डीमिक्स. हे काम काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ अशक्य मानलं जायचं.

जाहिरातींत हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे गोंधळ होतो. एखाद्या आवृत्तीत गाण्याचा आवाज डावीकडून मध्ये आलेला असेल, तर ते नुसतं रीमास्टर नाही. तिथे मिक्सच बदललेला आहे.

सुरुवातीच्या मुद्रणांतलं काय उरलं आहे?

बीटल्सचंच उदाहरण घ्यायचं कारण असं, की त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक तऱ्हेची अडचण सापडते.

सगळ्यात जुनं मुद्रण १९५८ चं. तेव्हा त्यांच्या गटाचं नाव क्वारीमेन होतं. लिव्हरपूलमध्ये पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत त्यांनी दोन गाणी थेट तबकडीवर कोरून घेतली. प्रत एकच होती. ती बरीच वर्षं त्या वेळच्या पियानोवादकाकडे होती; १९८१ मध्ये गटाचे गायक आणि बासवादक पॉल मॅकार्टनी यांनी ती विकत घेतली. आज आपण जे ऐकतो ते त्या झिजलेल्या एकुलत्या एक तबकडीवरून आलेलं आहे.

मग ६ जून १९६२. अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या चमूसमोरचं पहिलं सत्र. ड्रमवर अजून पीट बेस्ट होता. मॅकार्टनींचा बास अ‍ॅम्प्लिफायर इतका खराब होता की स्टुडिओच्या तंत्रज्ञांना आपल्याकडचा स्पीकर जोडून द्यावा लागला. चार गाणी झाली. टेप मात्र नंतर ठेवली गेली नाही. नव्या, अजून करारही पक्का न झालेल्या गटाच्या चाचणीची टेप पुसून पुन्हा वापरणं तेव्हा नेहमीचंच होतं, कारण कोरी टेप महाग होती. त्या सत्रातल्या ‘लव्ह मी डू’ची एक अ‍ॅसिटेट तबकडी (धातूच्या चकतीवर मऊ थर देऊन केलेली) १९९४ मध्ये मार्टिन यांच्या घरी सापडली, म्हणून ते गाणं अँथॉलॉजीत येऊ शकलं.

सगळ्यात चटका लावणारं उदाहरण त्याच गाण्याचं आहे. ‘लव्ह मी डू’ ४ सप्टेंबर १९६२ ला, बेस्टच्या जागी आलेल्या रिंगो स्टारसह, मुद्रित झालं आणि ११ सप्टेंबरला पुन्हा, अँडी व्हाइट या व्यावसायिक ड्रमरसह. ५ ऑक्टोबरला निघालेल्या पहिल्या तबकडीवर रिंगोची आवृत्ती होती, अल्बममध्ये मात्र व्हाइटची आली. पुढे रिंगोच्या आवृत्तीची मास्टर टेप नष्ट झाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गटाच्या पहिल्या हिट गाण्याची मूळ टेप अस्तित्वात नाही! ऐंशीच्या दशकापासून ती आवृत्ती ज्या ज्या संग्रहात आली, ती १९६२ च्या ४५ आरपीएमच्या चांगल्या अवस्थेतल्या तबकडीवरून उतरवून घेतलेली आहे. कोणती आवृत्ती ऐकतो आहोत हे ओळखणं सोपं आहे: खंजिरी ऐकू आली तर ती अँडी व्हाइटची.

पहिल्या अल्बमच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं. ११ फेब्रुवारी १९६३ ला सकाळी १० पासून रात्री पावणेअकरापर्यंत, तीन सत्रांत, १० गाणी मुद्रित झाली. यंत्र होतं ईएमआयनेच बनवलेलं बीटीआर, फक्त दोन ट्रॅकचं. एका ट्रॅकवर गायन, दुसऱ्यावर सगळी वाद्यं. ती टेप सांभाळून ठेवलेली आहे.

एका पिढीचा फरक किती?

टेपवरून टेपवर केलेली प्रत म्हणजे एक पिढी पुढे. टेपचा स्वतःचा एक ‘सूंऽऽ’ आवाज असतो, कारण तिच्यावरचे चुंबकीय कण कधीच पूर्ण एकसारखे पसरलेले नसतात. प्रत करताना मूळ टेपचा सूं आणि नव्या टेपचा सूं यांची बेरीज होते. दोन्ही सारखेच असतील तर पार्श्वभूमीची खरखर ३ डेसिबलने वाढते. शिवाय दर प्रतीत वरच्या पट्टीतला, म्हणजे झांजा आणि ‘स’, ‘श’ या अक्षरांचा, आवाज थोडा बोथट होतो आणि यंत्राच्या गतीतली थरथर वाढत जाते. चोरट्या प्रती पाच-सहा पिढ्या पुढच्या असायच्या. तिथे हरवलेलं कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, फक्त अंदाजाने भरू शकतं.

म्हणून व्हँकूव्हरच्या रिळाचं मोल. त्या टेपमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये पांढरी, आवाज नसलेली पट्टी जोडलेली होती. तिला लीडर म्हणतात. घरी केलेल्या प्रतीत कुणी असा खटाटोप करत नाही. स्टुडिओच्या टेपवर ती हमखास असते. रीमास्टर करणारा माणूस सगळ्यात आधी अशाच खुणा पाहतो: डब्यावरचं लेबल, टेपच्या पाठीवर छापलेलं कंपनीचं नाव, जोड कात्रीने कापलेले आहेत की नुसतेच प्रतीत उतरलेले आहेत. एकाच गाण्याच्या चार टेप सापडल्या तर चारही वाजवून मगच निवड होते, कारण जुनी मूळ टेप कधी कधी इतकी खराब झालेली असते की तिची लगेच केलेली प्रत बरी निघते.

टेप यंत्रावर चढण्याआधी

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर लोहभस्माचे कण आणि ते धरून ठेवणारा चिकट थर. बिघाड या तिन्हींपैकी कुठेही होतो. पन्नाशीच्या दशकातली पट्टी बऱ्याचदा अ‍ॅसिटेटची असायची. ती कोरडी होऊन तुटते, आणि दमट हवेत तिचं रसायन विघटित होऊन डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपचा चिकट थर हवेतलं पाणी शोषून घेतो. मग टेप हेडला, म्हणजे यंत्राच्या टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज करते आणि कण खरवडून निघतात. अशा टेप साधारण ५४ अंश सेल्सियसला ८ तास किंवा त्याहून जास्त वेळ सुकवून घेतात आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवतात. हा उपाय अ‍ॅसिटेटच्या टेपवर केला तर ती वाकडी होऊन कायमची जाते. म्हणून कोणती टेप आहे हे ओळखल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो.

ईएमआयच्या साठच्या दशकातल्या टेप या बाबतीत फार टिकाऊ निघाल्या. २००९ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या संपूर्ण रीमास्टर संचासाठी अ‍ॅबी रोडच्या अभियंत्यांनी चार वर्षं काम केलं. टेपवरून कण निघत नव्हते, थोडी धूळ तेवढी होती. तरी एका वेळी एकच गाणं उतरवायचं आणि दर गाण्यानंतर हेड साफ करायचं, हा नियम त्यांनी पाळला.

जोडांची अडचण वेगळीच असते. ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’च्या सुरुवातीची ‘वन, टू, थ्री, फोर’ ही मोजणी नवव्या टेकमधली (म्हणजे गाणं वाजवायच्या नवव्या प्रयत्नातली) आहे आणि गाणं पहिल्या टेकमधलं. त्या काळात असं काम ब्लेडने टेप कापून आणि चिकटपट्टी लावून व्हायचं. साठ वर्षांनी चिकटपट्टीचा गोंद एकतर सुकून सुटतो किंवा कडेने पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. टेप जोरात पुढे-मागे पळवली की जोड उघडतो. म्हणून जुनी टेप वाजवण्यापूर्वी अतिशय सावकाश गुंडाळून प्रत्येक जोड तपासतात, आणि कमजोर असेल तो नव्या पट्टीने बांधतात.

हेडचा कोन, टेपची गती

हा भाग जाहिरातीत कधीच येत नाही, आणि खरी कारागिरी इथेच आहे.

टेप हेडमधल्या ज्या फटीवरून सरकते ती फट टेपच्या दिशेशी काटकोनात असायला हवी. या कोनाला अ‍ॅझिमथ म्हणतात. १९६३ मध्ये मुद्रण करणाऱ्या यंत्राचा कोन किंचित चुकलेला असेल, तर आज वाजवणाऱ्या यंत्राचा कोनही तेवढाच चुकवावा लागतो. नाहीतर झांजा, श्वास, तारेवर घासलेलं बोट, सगळं मळकट होतं. चाचणीचे सूर टेपच्या सुरुवातीला नोंदलेले असतील तर काम सोपं. ते नसतील तर झांजांचा आवाज सर्वांत लख्ख कुठे येतो हे ऐकत स्क्रू फिरवायचा, आणि हे दर टेपसाठी नव्याने.

मग येते भरपाईची पद्धत. टेपवर नोंदताना उंच स्वर ठरावीक प्रमाणात बदलून नोंदतात आणि वाजवताना ते उलट करतात. अमेरिका आणि युरोप यांचे ठराव वेगवेगळे होते. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने चालणारी युरोपीय पद्धतीची टेप अमेरिकी पद्धतीवर लावलेल्या यंत्रावर वाजवली तर उंच स्वर ३ डेसिबलपर्यंत जास्त येतात आणि अगदी खालचा भाग उतरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय चकाकी आली! प्रत्यक्षात ती चूक असते.

गतीचंही तसंच. जुनी यंत्रं तंतोतंत वेगाने चालत नसत, आणि अशा वेळी मुद्रणातला दोषच मदतीला येतो. इंग्लंडमधली वीज, आपल्यासारखीच, ५० हर्ट्झची. तिची बारीक घुंई जुन्या टेपवर बहुतेक वेळा उतरलेली असते. आज ती ५० ऐवजी ५१ हर्ट्झवर ऐकू आली, तर टेप २ टक्के जास्त वेगाने चालते आहे, म्हणजे गाणं अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढं लागतं आहे. म्हणूनच शहाणा अभियंता ही घुंई आधी मोजतो आणि मगच काढतो.

एवढं सगळं जुळलं की आवाज डिजिटलमध्ये उतरतो. २००९ च्या कामात तो २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नोंदी घेत, उतरवला होता. स्टीरिओसाठी याची फाइल मिनिटाला सुमारे ६९ एमबी होते. सीडीला एवढ्या बारकाईची गरज नाही. पण टेप दर वाजवण्यागणिक झिजते, त्यामुळे एकदाच उतरवायची तर पुढच्या पिढ्यांना पुन्हा डबा उघडावा लागू नये इतकी उतरवायची.

तबकडीच उरली असेल तर

अ‍ॅसिटेट तबकडी म्हणजे बहुधा धातूच्या चकतीवर मऊ लाखेसारखा थर. दहा-वीसदा वाजवली तरी खाचा झिजतात. थर आकसून भेगा पडतात, पृष्ठभागावर पांढरट, मेणचट पदार्थ येतो. धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं तर थर विरघळतो. शुद्ध केलेलं पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढंच चालतं.

सुई निवडण्यात फार कौशल्य आहे. ७८ आरपीएमच्या रुंद खाचेला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीला २५ ची. जुन्या सुईने खाचेचा एक ठरावीक भाग झिजवलेला असतो; थोडी जाड किंवा बारीक सुई घेतली तर ती खाचेच्या न झिजलेल्या भिंतीवर टेकते. म्हणून एकच तबकडी चार-पाच सुयांनी उतरवून तुलना करतात. वाजवताना स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) वापरतात, मुद्रण मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेलं, असलं तरीही. त्यामुळे खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या नोंदल्या जातात आणि ज्या क्षणी जी भिंत स्वच्छ असेल ती घेता येते. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळाल्या तर त्यांचे चांगले तुकडेही जोडता येतात.

खरखर किती काढायची?

‘टक्’ असा आवाज काढणं तुलनेने सोपं. तो एक मिलिसेकंद टिकला तर ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये तो ९६ नोंदींचा प्रश्न असतो. अलीकडच्या आणि पलीकडच्या लहरीवरून मधला तुकडा भरता येतो. गडबड होते ती ड्रमच्या काठीचा ठोका किंवा ‘प’चा स्फोटही यंत्राला ‘टक्’ वाटतो तेव्हा.

विजेची घुंई ५०, १००, १५० अशा ठिकाणी असते, म्हणून तेवढ्याच अरुंद पट्ट्या कापतात. पण बास गिटारचा खालचा ‘जी’ ४९ हर्ट्झला वाजतो. ५० वर सरसकट कात्री चालवली की त्या एका सुरावर बास नाहीसा होतो आणि गाणं लंगडतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते टेपचा सूं काढताना. सॉफ्टवेअरला गाणं सुरू होण्याआधीचा अर्धा-एक सेकंद ऐकवतात. त्यातून खरखरीचा नमुना घेऊन ते पूर्ण गाण्यातून वजा करतं. ३ ते ६ डेसिबलवर थांबलं तर बहुधा ठीक. १५-२० डेसिबलपर्यंत ओढलं तर झांजांचा शेवट तुटतो, खोलीचा घुमारा जातो आणि मागे पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा विचित्र किलबिलाट उरतो. तपासायची रीत साधी आहे: जे काढलं तेवढंच वेगळं ऐकायचं. त्यात नुसता सूं असेल तर बरोबर. त्यात गायकाचा श्वास किंवा झांज ओळखू आली तर गाणं खरवडलं जातं आहे.

२००९ च्या चमूने संपूर्ण संचातल्या ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांपेक्षाही कमी भागावर खरखर काढणारं तंत्र वापरलं. इतक्या साधनसंपन्न लोकांनी इतकं कमी केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नियमही आधीच ठरवला होता: विजेचे टक्-टक्, माइकवरचे स्फोट, खराब जोड हे तांत्रिक दोष सुधारायचे, पण गाण्याचा मूळ पिंड बदलणार नाही अशा बेताने. ‘प्लीज प्लीज मी’च्या स्टीरिओ आवृत्तीत गटाचा गायक जॉन लेनन एका ओळीत चुकतो आणि पुढच्या शब्दात त्याला हसू येतं. ते तसंच आहे, आणि तसंच राहायला हवं.

‘पण नवीन आवृत्ती तर जोरदार वाजते!’

वाजते, आणि तिथेच फसगत होते. गाण्यातले सर्वांत मोठे ठोके दाबून बाकी सगळं वर उचलणाऱ्या साधनाला लिमिटर म्हणतात. तेच गाणं दोन डेसिबल मोठं वाजलं की कानाला ते ‘जास्त स्पष्ट’ वाटतं. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी याचा इतका अतिरेक केला की ड्रमचा ठोका आणि गुणगुणणं एकाच उंचीवर आलं. २००९ च्या स्टीरिओ संचात लिमिटर जपून वापरला, मोनो संचात अजिबात नाही. ज्याला सुरुवातीचे बीटल्स खरंच ऐकायचे आहेत त्याने मोनो ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. १९६३ मध्ये गायन आणि वाद्यं दोन ट्रॅकवर घेतली ती मोनो मिक्समध्ये नीट तोलता यावीत म्हणून. दोन स्पीकरवर वेगळी ऐकवायचा तो बेत नव्हता. त्या काळच्या स्टीरिओत गायन एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात येतात, ते यामुळे.

दळलेलं पुन्हा वेगळं कसं होतं?

आता एआयकडे. डीमिक्स करणारा प्रोग्रॅम आवाजाचे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत याचा नकाशा काढतो. सुटी मुद्रणं मोठ्या संख्येने ऐकवून त्याला आधीच शिकवलेलं असतं की ड्रम कसा दिसतो, गळा कसा दिसतो. मग नकाशाच्या प्रत्येक ठिपक्याबद्दल तो ठरवतो: यातला किती वाटा गायकाचा, किती गिटारचा. पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधल्या चमूने बीटल्सच्या जानेवारी १९६९ च्या मोनो टेपमधून संभाषणं सोडवण्यासाठी हे तंत्र विकसित केलं. त्याच्या जोरावर २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ आणि २०२३ मध्ये सुरुवातीची बरीच गाणी जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी नव्याने मिक्स केली. १९६३ च्या दोन ट्रॅकमधला वाद्यांचा ट्रॅक फोडून ड्रम, बास आणि गिटार आता वेगवेगळ्या जागी मांडता येतात.

चुका कुठे होतात? ‘स’ हे अक्षर आणि हाय-हॅट झांज दोघांचा आवाज ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्टीत पसरलेला असतो, त्यामुळे झांजेचे तुकडे गायकाच्या ट्रॅकला चिकटतात. घुमारा नक्की कुणाचा, हेही यंत्राला नीट कळत नाही. एका खोलीत सगळे वाजवत असताना गायकाच्या माइकमध्ये शिरलेला ड्रम काढून टाकला की गायन निर्जीव लागतं, आणि तोच ‘शिरलेला’ आवाज परत थोडा घालावा लागतो. म्हणून चोख काम करणारे सगळे सुटे ट्रॅक पुन्हा एकत्र करून मूळ मिक्समधून वजा करतात. उत्तर शांतता आलं पाहिजे. काही ऐकू आलं तर वाटेत काहीतरी हरवलं आहे किंवा नवं घुसलं आहे.

मग हा आवाज खरा की बनावट?

डीमिक्स आणि आवाजाची नक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ नोव्हेंबर २०२३ ला ‘नाऊ अँड देन’ निघालं तेव्हा अनेकांना वाटलं की लेननचा आवाज यंत्राने तयार केला. तसं नव्हतं. लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर गायलेलं ते गाणं होतं. पियानो आणि घुंई गळ्यावर इतकी चढली होती की नव्वदच्या दशकात इतरांनी ते अर्धवट सोडलं. नव्या तंत्राने गळा सुटा झाला, एवढंच.

तरीही आक्षेपात तथ्य आहे. नवा मिक्स हा आजच्या माणसाचा निर्णय असतो, १९६३ चा नव्हे. माझ्या मते अट एकच हवी: मूळ मिक्स बाजारात उपलब्ध राहिला पाहिजे आणि नव्या आवृत्तीवर ‘रीमिक्स’ असं ठळक लिहिलेलं पाहिजे. ऐकण्याच्या अ‍ॅपवर नवी आवृत्ती शांतपणे जुनीची जागा घेते, तेव्हा ऐकणाऱ्याचं नुकसान होतं.

हे सगळं आत्ताच का बाहेर येतं?

अर्थात पैसाही आहे, पण कायदाही आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं. मात्र ५० वर्षांत जे कधी प्रकाशितच झालं नाही त्याला हा लाभ नाही. त्यामुळे डिसेंबर २०१३ मध्ये, मुदत संपायच्या तोंडावर, बीटल्सची १९६३ मधली ५९ अप्रकाशित मुद्रणं एकदम विक्रीला आली. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं आहे.

फोर्टातली टॅक्सी

या कहाणीत मुंबईही आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांत होते. मुद्रण दोन ट्रॅकवर झालं. त्यातल्या एका चालीवर हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनला गायन चढवलं. ते गाणं म्हणजे ‘द इनर लाइट’. गायनासाठी मुंबईची टेप चार ट्रॅकच्या टेपवर उतरवावी लागली, म्हणजे प्रसिद्ध गाण्यातली वाद्यं एक पिढी पुढची आहेत. २०१४ मध्ये त्याच सत्रातला एक वेगळा टेक, नुसत्या वाद्यांचा, प्रकाशित झाला.

स्टुडिओ कार्यालयांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती. हॅरिसननेच सांगून ठेवलं आहे, की नीट ऐकलं तर काही मुद्रणांत टॅक्सी जाताना ऐकू येते, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे. आजच्या सॉफ्टवेअरला ती टॅक्सी पुसून टाकणं मुळीच अवघड नाही. पण ती काढायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःला विचारावं, की हा टेपचा दोष आहे का? सूं आणि घुंई यंत्रातून आली. टॅक्सी त्या खोलीत, त्या क्षणी, बासरीबरोबरच माइकमध्ये शिरली. मी ती ठेवीन.

घरी फरक कसा पारखायचा?

मोबाइलच्या स्पीकरवर काहीही कळणार नाही. साधे वायरचे हेडफोन पुरेत. अ‍ॅपमधला आवाज समान करणारा पर्याय चालू ठेवा. तो नसेल तर मोठी वाजणारी आवृत्ती हाताने कमी करून दोन्ही सारख्या करा, नाहीतर मोठी तीच जिंकेल. मग पूर्ण गाणं न ऐकता तीन जागा ऐका: गाणं सुरू होण्याआधीचा अर्धा सेकंद, झांज वाजून विरत जाते तो शेवट, आणि दोन ओळींमधला गायकाचा श्वास. सुरुवातीला ठार शांतता असून पहिल्या सुराबरोबर अचानक सूं उगवत असेल, तर तो सूं फक्त शांत जागीच पुसलेला आहे. झांज मध्येच कापल्यासारखी वाटली तर खरखर जास्त काढली. श्वास नाहीसा झाला असेल, तर जुनी आवृत्ती जपून ठेवा.